बर्फ चालतो कसा आणि फुटतो कुठे?

(आमच्या सामुदायिक रेडिओवर वाचलेलं भाषण)

 

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, एका आजींनी तो आमच्याकडे दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये बातम्यांत ऐकलेलं तुम्हाला आठवत असेल. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं विमान हिमाचल प्रदेशात रोहतांगजवळच्या डोंगरांत हरवलं होतं. आत १०२ माणसं होती. विमानाचे अवशेष पहिल्यांदा दिसले ते २००३ मध्ये. आणि २०२४ मध्ये, म्हणजे तब्बल ५६ वर्षांनी, त्यातल्या आणखी चौघांचे मृतदेह बर्फातून हाती आले.

ती बातमी ऐकून आजींनी केंद्रावर फोन केला. म्हणाल्या, "बाळांनो, बर्फ म्हणजे दगडावाणी घट्ट. त्यात माणूस अडकला तो अडकला. मग इतक्या वर्षांनी तो वर येतो कसा? आणि मग माझा दादा..." पुढे त्या बोलल्या नाहीत. त्यांचा थोरला भाऊ फौजेत होता. वर बर्फाचा कडा कोसळला त्यात गेला. घरी तार आली, माणूस आलं नाही.

फोन ठेवल्यावर आम्ही चौघीजणी बराच वेळ गप्प होतो. धीराचे चार शब्द बोलून मोकळं होणं सोपं होतं. पण आजींना उत्तर हवं होतं. म्हणून आम्ही वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे उंच डोंगरावरचा बर्फ एका जागी बसलेला नसतो. तो चालतो.

आधी तो तयार कसा होतो ते बघू. खूप उंचावर हिवाळ्यात पडलेलं हिम उन्हाळ्यातसुद्धा पुरतं वितळत नाही. त्यावर दुसऱ्या वर्षीचं पडतं, मग तिसऱ्या वर्षीचं. ताजं हिम पिंजलेल्या कापसासारखं फुसफुशीत असतं. गादी भरताना आपण कापूस दाबत जातो तसं वरच्या थराच्या वजनाने खालचं हिम दाबलं जातं. मधली हवा निघून जाते, कण एकमेकांना चिकटतात आणि वर्षांमागून वर्षं गेल्यावर त्याचा निळसर, घट्ट बर्फ होतो. हा थर साधारण ३० मीटर किंवा त्याहून जाड झाला की स्वतःच्याच भाराने उताराकडे निघतो. तीच हिमनदी. नाव किती नेमकं आहे बघा. खरोखरीच ती नदी असते, फक्त तिची चाल फार संथ असते.

घट्ट बर्फ वाहतो कसा? लोहाराची भट्टी आठवा. लोखंड थंड असताना वाकत नाही. तेच तापून लाल झालं, म्हणजे वितळण्याच्या वाटेवर आलं, की घणाखाली मऊ पडतं. आता बर्फाचा विचार करा. बर्फ शून्य अंशाला वितळतो, आणि डोंगरावरचा बर्फ शून्याच्या खाली थोड्याच अंशांवर असतो. आपल्याला तो गार लागतो, पण त्याच्या हिशेबाने तो सतत भट्टीतल्या लोखंडासारखाच असतो, वितळण्याच्या अगदी जवळ. वरून शेकडो फूट बर्फाचा भार पडला की आतले स्फटिक थराथरांनी एकमेकांवरून घसरतात. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून हलकेच ढकलला की पत्ते एकावर एक सरकतात ना, तसं. भार सर्वांत जास्त तळाशी, म्हणून घसरणंही तळाच्या थरांत सर्वांत जास्त. वरचा बर्फ त्यांच्या पाठीवर बसून पुढे जातो.

चालण्याची दुसरी रीत तळाला घडते. वितळलेलं पाणी बर्फातून झिरपत खाली खडकापर्यंत पोचतं. साबणाच्या पाण्याने ओल्या झालेल्या मोरीत पाय कसा सरकतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. तशी अख्खी हिमनदी खडकावरून सरकते. वाटेत खडकाचा उंचवटा आला तर अलीकडच्या बाजूला दाब वाढतो, दाबाने थोडा बर्फ वितळतो, ते पाणी उंचवट्याला वळसा घालून पलीकडे जातं आणि दाब कमी झाला की पुन्हा गोठतं. अडथळा असा ओलांडला जातो. उन्हाळ्यात पाणी जास्त, म्हणून हिमनदीची चालही उन्हाळ्यात जास्त.

हे सगळं मोजलं कुणी? स्वित्झर्लंडमध्ये उंटरार नावाची हिमनदी आहे. १८२७ मध्ये हुगी नावाच्या अभ्यासकाने तिच्यावर एक झोपडी बांधली. १८४१ मध्ये लुई अ‍ॅगासी या शास्त्रज्ञाने पाहिलं तेव्हा त्या झोपडीचे अवशेष मूळ जागेपासून जवळजवळ ४,७०० फूट खाली गेलेले होते. १४ वर्षांचा हिशेब मांडला तर रोज एक फुटाला थोडं कमी. झोपडी कुणी हलवली नव्हती, तिच्या खालची जमीनच चालत होती. पुढच्याच वर्षी, १८४२ मध्ये, जेम्स फोर्ब्स या स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञाने फ्रान्समधल्या मेर द ग्लास या हिमनदीवर खुणा करून दुर्बिणीच्या यंत्राने बारकाईने मोजमाप केलं. त्यांना आढळलं की बर्फ दिवसा चालतो आणि रात्रीही चालतो, आणि मधला बर्फ काठाच्या बर्फापेक्षा वेगाने जातो. ओढ्यात पान सोडलं की मधलं पान पुढे जातं आणि काठाचं रेंगाळतं, तसंच.

आता येतो भेगांकडे. एव्हरेस्टच्या बातम्यांत तुम्ही पाहिलं असेल, खोल निळ्या चिरेवर आडवी शिडी टाकलेली आणि तिच्यावरून एकेक पाऊल टाकत माणूस चाललेला. ती हिमनदीतली भेग. मनात येतं, बर्फ जर मऊ होऊन वाहतो, तर मग फुटतो कशाला?

गुळाचा पाक आठवा. चमच्याने सावकाश उचलला तर तार धरतो. तीच तार झटक्याने ओढली तर तुटते. बर्फाचंही तेच. हळू ताणला तर तो वाहून जुळवून घेतो. पण त्याला झेपेल त्याहून वेगाने ताण पडला की तो तडकतो. जिथे हिमनदी ताणली जाते तिथे भेग पडते, आणि ती नेहमी ताणाला आडवी पडते. एवढं एक लक्षात ठेवलं की कुठली भेग कुठे पडणार हे घरबसल्या सांगता येतं.

वाळलेली आंबापोळी घ्या आणि पाटाच्या कडेवरून वाकवा. वरच्या बाजूला आडव्या चिरा पडतात. हिमनदी कमी उतारावरून एकदम जास्त उतारावर येते तेव्हा पुढचा बर्फ वेगाने निघतो, मागचा मागे राहतो आणि मधे ताण पडून आडव्या भेगा उघडतात. उतार फारच तीव्र असेल तर भेगांचं जाळं होतं आणि मधे घराएवढे बर्फाचे मनोरे उभे राहतात. एव्हरेस्टच्या वाटेवरचा खुंबूचा हिमप्रपात तो हाच. तिथला बर्फ दिवसाला सुमारे मीटरभर सरकतो, म्हणून शिड्या पुन्हा पुन्हा बसवाव्या लागतात.

आता भाकरी. पीठ नीट मळलं नसेल तर थापताना भाकरी पसरते आणि कडेला चिरा जातात. हिमनदी अरुंद दरीतून रुंद जागी आली की अशीच पसरते, आणि मग वाहण्याच्या दिशेने लांबच्या लांब भेगा पडतात.

तिसरी भेग शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना पटकन कळेल. चौकोनी रुमाल घ्या. डावी कड धरून ठेवा आणि उजवी कड पुढे सरकवा. उरेब दिशेने कापड एकीकडे ताणलं जातं आणि दुसरीकडे सुरकुत्या पडतात. हिमनदीच्या काठाला हेच होतं. काठ खडकाला घासून मागे राहतो, मधला बर्फ पुढे जातो आणि बर्फ तिरका ताणला जातो. त्या ताणाला आडव्या भेगा काठापासून निघून आत आणि वर उगमाकडे झुकलेल्या दिसतात. पूर्वी पाहणाऱ्यांना वाटे, भेगा उगमाकडे वळल्या म्हणजे काठच पुढे चालला असणार. खरं तर उलटं असतं.

आणखी एक भेग अगदी माथ्याला असते. तिथे चालता बर्फ डोंगराला चिकटून राहिलेल्या बर्फापासून सुटतो. भिंत आणि ओटा यांच्यामध्ये फट पडावी तशी ती दिसते. शिखरावर जाणाऱ्यांना ती ओलांडावीच लागते.

या भेगा तळापर्यंत जातात का? साधारणपणे नाही. आल्प्ससारख्या ठिकाणी बहुतेक भेगा ३० ते ४० मीटरपर्यंत खोल असतात, म्हणजे दहा-बारा मजली इमारतीएवढ्या. त्याखाली वरच्या बर्फाचा भार इतका असतो की बर्फ वाहून येऊन भेग मिटवून टाकतो. म्हणजे हिमनदीची वरची साल ठिसूळ आणि आतला गाभा वाहता. धोका वाढतो तो हिम पडल्यावर. भेगेच्या तोंडावर हिमाचा पातळ पूल तयार होतो आणि वरून सगळं पांढरं सपाट दिसतं. म्हणूनच अनुभवी माणसं एकमेकांना दोराने बांधून घेतात आणि पहाटे, पूल गोठून घट्ट असताना, निघतात.

आजींच्या प्रश्नाची किल्ली पुढच्या गोष्टीत आहे. नदीत जिथे खडक असतो तिथे पाणी उसळतं. उसळी वर्षानुवर्षं त्याच जागी दिसते, पण पाणी मात्र दर क्षणाला नवं असतं. हिमनदीचंही तसंच. भेगा पडण्याची जागा तीच राहते, पण तिथे फुटलेला बर्फ पुढे निघून जातो. उतार संपला की मागून रेटा येतो, भेगेचे ओठ मिटतात आणि आत जे काही पडलं असेल ते घेऊन बर्फ चालू लागतो.

याचा दाखला फ्रान्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर मिळतो. या पर्वताच्या माथ्याकडून बोसाँ नावाची हिमनदी शामोनी गावाच्या दरीत उतरते. २० ऑगस्ट १८२० रोजी हामेल नावाच्या एका रशियन शास्त्रज्ञाची तुकडी वर निघाली होती. माथ्याजवळ हिमाचा लोट सुटला आणि शामोनीचे तीन वाटाडे एका भेगेत गाडले गेले. त्यांची नावं पियेर बाल्मा, पियेर कारिए आणि ओग्युस्त तेराझ. त्यांना बाहेर काढता आलं नाही.

हिमनद्यांची चाल मोजणाऱ्या फोर्ब्स यांनी पुढे हिशेब मांडला की ही माणसं सुमारे ४० वर्षांनी हिमनदीच्या खालच्या टोकाला बाहेर येतील. १८६१ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी, बोसाँच्या खालच्या टोकाला अवशेष दिसू लागले. कपड्यांचे तुकडे, टोपी, कंदिलाचे भाग, हाडं. अडीच किलोमीटरहून जास्त उंची उतरून ते आले होते. त्या दिवशी वाचलेला एक वाटाडा तेव्हा हयात होता, म्हातारा झालेला. त्याने आपल्या सोबत्यांच्या वस्तू ओळखल्या. ज्यांच्याबरोबर तो तरुणपणी निघाला होता ते त्याला तरुण असतानाचेच परत भेटले.

याच हिमनदीशी आपलंही एक नातं जडलेलं आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान माँ ब्लाँच्या माथ्याजवळ आदळलं. आतले सगळे ४८ जण गेले. त्यांत बहुतेक प्रवासी जहाजावर कामाला निघालेले भारतीय खलाशी होते. शोधाला गेलेल्या शामोनीच्या वाटाड्यांपैकी रेने पायो यांचाही त्या मोहिमेत जीव गेला. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचंच 'कांचनजंगा' हे विमान, तेही मुंबईहून निघालेलं, जवळजवळ त्याच जागी कोसळलं. ११७ जण गेले. त्यांत आपले अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते.

तेव्हापासून बोसाँ हिमनदी थोडं थोडं परत देत आहे. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची एक थैली मिळाली. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पाचू, नीलम, माणकं असलेली पेटी सापडली. त्याने ती पोलिसांकडे नेऊन दिली. आठ वर्षांनी त्यातला निम्मा वाटा त्याला आणि निम्मा शामोनी गावाला मिळाला. आणि जुलै २०२० मध्ये तिथे खाणावळ चालवणाऱ्या एकाला भारतीय वर्तमानपत्रांचे अंक सापडले. जानेवारी १९६६ चे. भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान म्हणून इंदिरा गांधींची निवड झाल्याची बातमी त्यांत होती. ज्या दिवशी विमान पडलं त्याच दिवशी दिल्लीत त्यांचा शपथविधी झाला. विमानात कुणीतरी ती बातमी वाचत बसलं असेल. ओले कागद वाळवल्यावर अक्षरं वाचता येत होती.

बर्फाच्या आतली ही वाट कशी असते? वर, जिथे दरवर्षी नवं हिम साठतं, तिथे पडलेली वस्तू त्याखाली गाडली जाते आणि खोल जाते. मग बर्फाबरोबर ती खाली येते. खालच्या भागात वरचा बर्फ दरवर्षी वितळत जातो, तेव्हा आत असलेलं उघडं पडतं. जितक्या उंचावर पडलं तितकं खोल जातं आणि तितकंच खाली बाहेर येतं. कुठे वेळ चाळीस वर्षांचा असतो, कुठे शेकडो वर्षांचा. हिमनदीची लांबी, उतार आणि जाडी यांवर ते ठरतं. वाटेत घासलं जातं, फुटतं, विखुरतं. सगळं धड मिळत नाही.

आता हिमनद्या पातळ होत आहेत, आखडत आहेत. एकेकाळी बोसाँचं टोक दरीतल्या शेतांना भिडत होतं, आज ते डोंगरावर वर गेलं आहे. त्यामुळे अशा वस्तू आधीच्या हिशेबापेक्षा लवकर आणि जास्त वर उघड्या पडू शकतात. आपल्या गंगोत्री हिमनदीचंही टोक मागे सरकत आहे. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या त्या हिमनदीचं टोक म्हणजे गोमुख. यात्रेला गेलेल्या मैत्रिणी गंगोत्रीहून अठरा-एकोणीस किलोमीटर चालून तिथे पोचतात. त्यांना एक सांगणं. गोमुखाजवळ पाणी भरायला अगदी बर्फाच्या कड्याखाली जाऊ नका. तो कडाही भेगांनी चिरलेला असतो आणि न सांगता तुटतो. नमस्कार लांबून केला तरी पोचतो.

तर आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमचा दादा हिमनदीवर गाडला गेला असेल तर तो एका जागी अडकून पडलेला नाही. बर्फ त्याला घेऊन खाली निघाला आहे, रात्रंदिवस, रोज थोडा. तो कधी बाहेर येईल, कुणाच्या नजरेस पडेल की नाही, हे आम्हाला सांगता येणार नाही, आणि खोटी आशा आम्ही लावणार नाही. पण तुम्ही म्हणालात की बर्फ दगडावाणी असतो, तेवढं मात्र खरं नाही.

तुमच्या भावाचा फौजेतला नंबर, पलटण आणि शेवटचं पत्र घरात कुठे असेल तर ते जपून ठेवा, नातवंडांना दाखवून ठेवा. लाहौलच्या त्या विमानातल्या माणसांची ओळख पटवायला जवळ मिळालेले कागद आणि फौजेच्या जुन्या नोंदीच उपयोगी पडल्या. डोंगराने परत दिलं तर इकडे ओळखणारं कुणीतरी हवं.

मैत्रिणींनो, तुमचेही प्रश्न असेच पाठवत राहा. फोन करा, नाहीतर बचत गटाच्या बैठकीत आमच्या ताईंकडे चिठ्ठी द्या. उत्तर येत नसेल तर आम्ही शोधून आणू. येतो, नमस्कार.